नव्या टाइमाचे सात, जुन्या टाइमाचे पाच

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या अंगणात कडुलिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला, हातभर लांबीचा, गंजून तांबूस झालेला रुळाचा तुकडा तुम्ही रोज बघता. तो मी. शाळा भरताना पुंडलिक शिपाई माझ्यावर हातोडी मारतो आणि तुम्ही तोंडं पाडता. शाळा सुटताना तोच पुंडलिक हातोडी मारतो आणि तुम्ही किंचाळत फाटकाकडे धावता. दोन्ही वेळा मार मलाच बसतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आजपर्यंत मी तुमच्याशी बोललो नव्हतो. बोलणारही नव्हतो. पण परवा तुमच्यापैकी कोणीतरी फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या त्या बाईला खडा मारला. तिला तुम्ही 'टैमवाली बुढ़िया' म्हणता. संध्याकाळी पाचचे टोले पडले की ती सळ्यांमधून आत बघते आणि विचारते, "बेटा, हे पाच कोणते? नवे की जुने?" तुम्ही म्हणता, "तेरा वाजले, बुढ़िया!" आणि एकमेकांना टाळ्या देता. मला भयंकर राग आला. लोखंड तापायला भट्टी लागते असं तुम्ही विज्ञानात शिकलात ना? ते काही अगदी खरं नाही.

तर ऐका. मधेच उठून जाऊ नका.

मी विलायतेत एका भट्टीत जन्मलो. जहाजातून आलो आणि नर्मदेच्या अलीकडे रेल्वेच्या लोहमार्गात पडलो. माझ्या अंगावरून तीस वर्षं गाड्या गेल्या. पुढे माझी कड झिजली, मला उपटलं, करवतीने कापलं आणि भंगारात टाकलं. तिथून भय्यासाहेबांनी मला उचललं. हो, तेच भय्यासाहेब. मुख्याध्यापकांच्या खोलीत ज्यांचा फोटो आहे, ज्यांच्या पुण्यतिथीला तुम्ही हार घालता आणि 'वेळेचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहिता, तेच.

तेव्हा ही शाळा नव्हती. कमानिया गेटमागचं हे कापडाचं जुनं गोदाम होतं आणि भय्यासाहेबांनी त्यात फौजेसाठी तंबू शिवण्याचा कारखाना काढला होता. जिथे आता पाचवीचा वर्ग भरतो तिथे ऐंशी बाया जमिनीवर बसून जाड खाकी कापडाला मेणाच्या दोऱ्याने कडा शिवायच्या. सुई कापडातून जायची नाही म्हणून तळहाताला चामड्याचा तुकडा बांधायच्या. महिन्याभरात चामड्यालाही भोक पडायचं.

मला याच फांदीला टांगलं. माझं काम सोपं होतं. सकाळी सात टोले, काम सुरू. दुपारी बारा टोले, जेवण. एकचा एक टोला, पुन्हा काम. संध्याकाळी पाच टोले, सुट्टी. दाराशेजारी भिंतीवर सरकारी नमुन्याचा कागद चिकटवला होता, त्यावरही याच वेळा लिहिल्या होत्या. दिवसाचे नऊ तास, रविवारी सुट्टी, आठवड्याचे चोपन्न. कायद्याने माणसाला त्याहून जास्त राबवायचं नाही, आणि राबवलं तर लपवायचं नाही, असा तो कागद होता. बायांना तो वाचता येत नव्हता. त्या मला ऐकायच्या.

मी खोटं बोलत नव्हतो तोवर सगळं बरं चाललं होतं.

बेचाळीस सालच्या सप्टेंबरात सरकारने लढाईसाठी देशभरची घड्याळं एक तास पुढे केली. काल जिथे सहा वाजायचे तिथे आज सात वाजायला लागले. लोक नव्या वेळेला 'नया टैम' म्हणायचे आणि आधीच्या वेळेला 'पुराना टैम'. त्याच सुमारास आमच्या भागातले कारखान्यांचे भोंगे हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवले गेले, म्हणजे ऐकायला मीच एकटा उरलो. बायांपैकी एकीच्याही घरी घड्याळ नव्हतं.

त्या दिवशी भय्यासाहेबांनी सगळ्यांना याच झाडाखाली उभं केलं. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, गोड आवाज. भोसल्यांच्या चाकरीत आलेलं त्यांचं घराणं, आवाज चढवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"बायांनो, सरकारने लढाईसाठी आपल्या सगळ्यांकडून रोजचा एक तास घेतला आहे," ते म्हणाले. "तुमचा, माझा, सगळ्यांचा. लढाई संपली की परत मिळेल."

"वापस कैसे मिलेगा, भैयाजी?" मागून एकीने विचारलं.

"जसा घेतला तसा," भय्यासाहेब हसून म्हणाले.

आणि त्या दिवसापासून माझ्यावर सकाळचे सात टोले नव्या टाइमाने पडू लागले आणि संध्याकाळचे पाच टोले जुन्या टाइमाने. बाया अंधारात यायच्या आणि जुन्या पाचला, म्हणजे खऱ्या सहाला, सुटायच्या. दुपारच्या एक आणि संध्याकाळच्या पाचच्या मधे एक अख्खा तास घुसवला होता आणि त्याच्यावर टोला पडत नव्हता. सरकारने घड्याळ पुढे केलं होतं, तास कोणाचाच घेतला नव्हता. तो भय्यासाहेबांनी घेतला. रविवारही गेले. भिंतीवरचा कागद तसाच होता, स्वच्छ आणि खराखुरा.

हे तीन जणांना ठाऊक होतं. एक भय्यासाहेब. दुसरा मी. तिसरा नीलकंठ, कारखान्याचा टाइमकीपर, ज्याच्या खिशात घड्याळ होतं आणि हातात हातोडी.

आता सत्यवतीचं सांगतो. सत्यवती म्हणजेच तुमची टैमवाली बुढ़िया. तेव्हा ती तिशीची होती, विधवा होती आणि ऐंशी जणींत तिची शिवण सगळ्यांत घट्ट होती. तिचा भाऊ बापू फौजेच्या खेचरांबरोबर बर्मेच्या बाजूला गेला होता. आपण शिवतो त्यातला एखादा तंबू त्याच्या डोक्यावर असेल, असं तिला वाटायचं. सरकारला दिलेला तास ती तक्रार न करता द्यायची. उलट एखादी कुरकुरली तर हीच म्हणायची, "काहून रडून राहिली? तिकडे लोक जीव देऊन राहिले, तुला एक घंटा जड झाला?"

भय्यासाहेबांना ती फार आवडायची. अशा बाया कोणत्याही मालकाला आवडतात.

तिला शरयू नावाची नऊ वर्षांची एकच मुलगी होती. त्रेचाळीसचा पावसाळा सरता सरता शरयूला मुदतीचा ताप आला. सत्यवतीने तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं. तिथली भेटीची वेळ होती संध्याकाळी पाच ते सहा. दवाखाना नव्या टाइमाने चालायचा. माझे पाच टोले पडायचे तेव्हा तिथल्या घड्याळात सहा झालेले असायचे.

रोज संध्याकाळी सत्यवती चामड्याचा तुकडा सोडायचीही थांबत नसे. माझा पाचवा टोला पडला की ती फाटकाबाहेर. बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या गर्दीतून, टांग्यांमधून, शिव्या खात धावायची. पोचायची तेव्हा दवाखान्याचं फाटक बंद झालेलं असायचं. तिथला पहारेकरी नथ्थू आत निरोप न्यायचा, एवढाच काय तो उपकार.

एके दिवशी दुपारी माझ्याखाली बसून, भाकरी हातात तशीच धरून ती शेजारणीला म्हणाली, "नथ्थू म्हणून राहिला, पोरीला आपले टोले ऐकू जातात तिथे. मोजते म्हणे. पाच झाले की सांगते सगळ्यांना, आता माझी आई निघाली. अन तेव्हाच भेटायला आलेल्या लोकांना बाहेर काढतात ना, तर तिला वाटते, लोक काहून चालले? आई तर आता येऊन राहिली."

मित्रांनो, त्यानंतर मला माझा आवाज नकोसा झाला. पण मी काय करणार? मारलं की मी वाजतो.

दुसऱ्या दिवशी तिने भय्यासाहेबांना गाठलं. दप्तराच्या, म्हणजे कचेरीच्या, पायरीवर ते उभे होते, ती खाली.

"भय्यासाहेब, आठ दिवस एक घंटा आधी सोडा. पोरगी दवाखान्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत शिवून देईन."

"शरयू ना? देव बरं करेल," भय्यासाहेब म्हणाले. "पण सत्यवतीबाई, तुम्हाला सोडलं तर ऐंशी जणींना सोडावं लागेल. तंबू कमी पडले तर तिकडे शिपाई पावसात झोपतील. तुमचा बापू पण तिथेच आहे ना?"

ती परत जाऊन बसली. खाडा करता येत नव्हता, कारण एक दिवस बाई आली नाही की तिच्या जागी दुसरी बसवायचे आणि तशा बाया फाटकाबाहेर रोज उभ्या असायच्या.

शरयूच्या तापाच्या अठराव्या दिवशी कारखान्यांचा सरकारी तपासनीस आला. चार वाजता, अचानक. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं, हातात वही होती आणि त्याला अंधार पडायच्या आत आणखी दोन कारखाने बघायचे होते. त्याने भिंतीवरचा कागद वाचला, हजेरी चाळली आणि विचारलं, "शाम को छुट्टी कितने बजे होती है?"

"पाँच बजे, साहब," भय्यासाहेब म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. बायांनाच विचारा." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि बोट दाखवलं. "इनसे पूछिए. ही बाई खोटं बोलत नाही, हे सगळ्या कारखान्याला माहीत आहे."

ते खरंच होतं. सत्यवती उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

"बाई, डरो मत. छुट्टी कितने बजे?"

"पाच बजे, साहेब. पाच टोले पडतात. मी रोज मोजते."

"पक्का? छह तो नहीं?"

"नाही साहेब. पाच. एक पण जास्त नाही."

त्याने ते लिहून घेतलं. दोन प्रतींवर तिचा अंगठा घेतला, त्यातली एक प्रत भय्यासाहेबांना दिली. कोणत्या टाइमाचे पाच, हे त्याने विचारलं नाही आणि तिला सांगायचं सुचलं नाही. तिच्या लेखी संध्याकाळी पाचचे टोले पडतात तेव्हा पाच वाजतात. सरकारने घेतलेला तास सरकारच्याच माणसाला माहीत असणार, तो त्याला काय सांगायचा!

तपासनीस चहाला थांबला. त्याच्या मनगटावर पाच झाले तेव्हा भय्यासाहेबांनी नुसत्या डोळ्यांनी नीलकंठकडे बघितलं. नीलकंठने हातोडी उचलली आणि त्या वर्षात पहिल्यांदाच माझ्यावर खरे पाच टोले पडले.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ऊन अजून या झाडाच्या बुंध्यावर होतं. रोज सुट्टीच्या वेळी ते पार शेंड्यावर चढलेलं असे. सत्यवतीला वाटलं, आपण साहेबांसमोर चांगलं बोललो म्हणून मालकाने तास बक्षीस दिला. ती जाता जाता भय्यासाहेबांच्या पाया पडली, मित्रांनो. मी इथूनच बघितलं. त्यांनी आशीर्वाददेखील दिला.

त्या दिवशी तिला जवळजवळ एक तास भेट मिळाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती सांगत होती आणि तिचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. "केस विंचरून दिले. जटा झाल्या होत्या सगळ्या. मला म्हणते कशी, आई, आज टोले लवकर पडले. उद्या पण असेच वाजवायला सांग." मग ती उठून नीलकंठकडे गेली.

"नीलकंठभाऊ, आज पण कालच्यासारखे वाजवा ना. पोरीने सांगितलं आहे."

नीलकंठ आपल्या चपलांकडे बघत राहिला. "मालकांना विचारतो," तो म्हणाला. त्याने विचारलं नाही. संध्याकाळी टोले नेहमीच्या वेळी, जुन्या पाचला पडले. सत्यवती धावली. फाटक बंद होतं.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली, ती आजवर कोणाला माहीत नाही. खरे पाच वाजले तेव्हा नीलकंठ माझ्यापाशी आला. त्याने खिशातलं घड्याळ बघितलं, हातोडी उचलली आणि वर नेली. मी वाट बघत होतो. मला वाजायचं होतं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं वाजायचं होतं. तेवढ्यात दप्तराच्या दारात धोतराची किनार दिसली. नीलकंठने हातोडी हळूच खाली आणली, माझी तार सारखी केल्यासारखं केलं आणि निघून गेला. पुढे तासाभराने येऊन त्याने पाच टोले मारले.

शरयू त्या तासात गेली.

नथ्थूने पुढे सत्यवतीला सांगितलं ते तिने माझ्याखाली बसून सांगितलं, म्हणून मला कळलं. पोर शेवटपर्यंत विचारत होती, टोले पडले का? नथ्थू म्हणाला, नाही पडले अजून, बेटा. मग ती म्हणाली, तर मग आई कामावर आहे. ती रागावली नाही की रडली नाही. टोले पडले नाहीत म्हणजे आई येणार कशी, हे तिला पटलं होतं.

त्या संध्याकाळी सत्यवती पोचली तेव्हा दवाखान्याचं फाटक तिच्यासाठी उघडलं. मेलेल्या माणसाला भेटायला वेळेचं बंधन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या टाइमाच्या सात टोल्यांना ती जागेवर हजर होती. भय्यासाहेबांनी दोन मिनिटं काम थांबवून सगळ्यांना उभं केलं आणि शरयूच्या आत्म्याला शांती मागितली. ती दोन मिनिटं नीलकंठला संध्याकाळी भरून काढायला सांगितली.

पंचेचाळीस साली लढाई संपली. ऑक्टोबरच्या मध्यावर सरकारने घड्याळं एक तास मागे घेतली. त्याच दिवसांत बापू सुट्टीवर घरी आला होता. दुपारी तो बहिणीला भेटायला इथे आला, झाडाखाली बसला. उन्हाने रापलेला, एका पायाने लंगडणारा.

"बापू, सरकारने घंटा परत केला म्हणून राहिले लोक," सत्यवती म्हणाली. "तुम्हाला मिळाला का रे?"

"कोणता घंटा, अक्का?"

"तोच. लढाईसाठी घेतलेला. सकाळी नव्या टैमाने यायचं, संध्याकाळी जुन्या टैमाने सुटायचं."

बापूला कळेना. मग कळलं. त्याने भाकरी खाली ठेवली. "अक्का, सरकारने घंटा कुठे घेतला? काटा पुढे केला होता फक्त. आम्हाला एक घंटा आधी उठवायचे अन एक घंटा आधी सोडायचे. बराबर व्हायचं. दवाखाना पण तसाच, रेल्वे पण तशीच. तुमचाच कारखाना काहून दोन टैमांवर चालला?"

ती बोटांवर मोजत होती. सकाळचे सात, बारा, एक, पाच. पुन्हा सात, बारा, एक, पाच. मग ती उठली आणि दप्तराच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. बापू मागोमाग गेला.

"भय्यासाहेब, माझा घंटा कुठे आहे?"

भय्यासाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते चिडले नाहीत. आत जाऊन एक कागद घेऊन आले आणि बापूच्या हातात दिला. "तुम्हाला वाचता येतं ना? बहिणीला वाचून दाखवा. सुट्टी पाच वाजता होते, रोज, एक टोलाही जास्त नाही. खाली अंगठा तिचाच आहे. सरकारी साहेबांनी घेतलेला आहे." मग तिच्याकडे वळून त्याच गोड आवाजात म्हणाले, "आणि सत्यवतीबाई, तुम्ही घंटा मागायला आलात, बरं केलंत. फौजेचं काम बंद झालं. उद्यापासून कारखाना नाही. आता सगळेच घंटे तुमचे."

बापूच्या मुठी वळल्या होत्या. पण सत्यवती कागदाकडे बघत होती, त्या निळ्या अंगठ्याकडे.

"त्या दिवशी मी सहा म्हणाले असते," ती म्हणाली, "तर ते साहेब रोज खरे पाच वाजवायला लावते?"

भय्यासाहेबांनी बापूच्या हातातून कागद काढून घेतला.

"बापू, मीच सांगितलं रे पाच. मी मोजून सांगितलं."

बापूने तिला सावरलं आणि झाडाखाली आणून बसवलं. संध्याकाळी नीलकंठ आला. आता एकच टाइम होता, चोरायला दुसरा नव्हता. त्याने माझ्यावर पाच टोले मारले, खरे, सगळ्या गावाच्या घड्याळांशी जुळणारे.

पाचवा टोला पडताच सत्यवती उठली आणि धावत सुटली. फाटकातून बाहेर, बड्या फुहाऱ्याकडे, दवाखान्याच्या दिशेने. बापू लंगडत, हाका मारत मागे धावला. त्या दिवशी ती अगदी वेळेवर पोचली असणार.

तेव्हापासून ती येते. पुढे भय्यासाहेबांनी हे गोदाम शाळेला दान दिलं आणि मलाही त्यासोबत दिलं. नीलकंठ मेला, भय्यासाहेब मोठ्या मानाने गेले आणि फोटोत बसले. ती फाटकापाशी उभी राहते आणि विचारते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी दप्तरात बसाल, कोणाच्या हाताखाली चार माणसं असतील. तेव्हा भिंतीवरचा कागद वाचून समाधान मानू नका. माणसाला विचारा की तू घरी पोचतोस कधी. त्याने उत्तर दिलं तरी आणखी एकदा विचारा. आणि आजच करता येईल अशी एक गोष्ट सांगतो. संध्याकाळी पुंडलिक माझ्यावर पाच टोले मारील. ती फाटकाशी येऊन विचारील, हे पाच कोणते. खडे खाली टाका, जवळ जा आणि तिला नीट सांगा, "आजी, हे खरे पाच आहेत."

ती लगेच दवाखान्याकडे धावत निघेल. तिला अडवू नका. एखादा जण तिच्यासोबत जा, तिथून तिला परत आणायला कोणीतरी लागतं.